शहाण्णव दात

मराठीच्या प्राध्यापकाला फावला वेळ फार असतो, असा आमच्या महाविद्यालयात एक समज आहे. तो कितपत खरा आहे याची चर्चा मी येथे करणार नाही. परंतु या समजापायी वृक्षारोपण समितीपासून सायकल-स्टँड समितीपर्यंत सर्वत्र माझी वर्णी लागलेली आहे. म्हणून विजेचे बिल फार वाढल्यावर प्राचार्यांनी काटकसर समिती नेमली आणि तिचे प्रमुखपद माझ्या गळ्यात पडले, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

काटकसर कशात करावी, हे शोधायला फार लांब जावे लागले नाही. जिन्याखालचा वॉटर कूलर दिवसरात्र घरघरत असे. आमच्या विदर्भात नुसते 'कूलर' म्हटले की खिडकीत बसवलेला, पाणी ठिबकणारा आणि वाऱ्यापेक्षा आवाज अधिक करणारा पेटारा डोळ्यांपुढे येतो. म्हणून मुद्दाम सांगतो, हा तो नव्हे. हा पिण्याचे पाणी गार करणारा. दीडशे लिटरचे पोट, तीन तोट्या आणि अंगावर देणगीदाराचे नाव. रविवार असो, दिवाळीची सुटी असो, रिकाम्या इमारतीसाठी तो इमानेइतबारे पाणी गार करीत बसलेला असे.

मिस्त्री बोलावला. त्याने मागची जाळी काढली आणि माझे अज्ञान पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडले. आत एक बटण होते, त्यावर १ ते ७ आकडे. ते ७ वर होते. मला वाटले, ही यंत्राची गती असावी.

"नाही सर," मिस्त्री म्हणाला, "हा काही ॲक्सिलरेटर नाही. जास्त फिरवलं म्हणून पाणी लवकर गार होत नाही. कुठं थांबायचं, एवढंच हे बटण यंत्राला सांगतं."

कुठे थांबायचे! मला वाटते, पुष्कळ माणसांच्या पाठीमागेही असे एखादे बटण असायला हवे होते.

पुढे त्याने मला सांगितले की थांबण्याचा आणि पुन्हा सुरू होण्याचा अंश एकच ठेवून चालत नाही. १० अंशांवर थांबले तर १४ वर सुरू व्हावे. मधले अंतर नसेल तर यंत्र क्षणोक्षणी चालू-बंद होऊन कंप्रेसर लवकर निकामी होतो. बंद पडल्यावर त्याला तीन-चार मिनिटे उसंतही द्यावी लागते; आतल्या वायूचा दाब दोन्हीकडे सारखा झाल्याखेरीज त्याला उठवणे बरे नव्हे.

मग त्याने पेटीतून एक घड्याळ काढले. त्याला काटे नव्हते. चोवीस तासांत एक फेरी घेणारी तबकडी होती आणि तिच्या कडेला शहाण्णव दात होते. एक दात म्हणजे पाव तास. जेवढे दात आत दाबावेत, तेवढा वेळ यंत्र चालणार. पाणी गार व्हायला दोन तास लागतात, आणि महाविद्यालय साडेसातला उघडते. म्हणून सकाळच्या साडेपाचपासून दात दाबायला घेतले. महाविद्यालय सुटते पाचला, पण टाकीला भोवती जाड वेष्टण असल्याने पाणी तासभर तरी गार राहते. म्हणून साडेचारला थांबलो. चव्वेचाळीस दात आत, बावन्न बाहेर. दिवसाचे तुकडे असे बोटाने पाडता येतात हे पाहून मला उगाचच मोठे झाल्यासारखे वाटले. समितीच्या अहवालात मी लिहिले, 'सर्व घटकांच्या गरजा विचारात घेऊन वेळापत्रक निश्चित करण्यात आले आहे.' वाक्य वजनदार होते. पुढच्या महिन्याचे बिलही उतरले. प्राचार्यांनी सभेत माझे नाव घेतले.

मे महिन्यात सुटी लागली. एका रात्री नऊच्या सुमारास मी प्राध्यापक-कक्षात विसरलेला चष्मा आणायला गेलो. जिन्याखाली दहा-बारा मुले बाटल्या भरीत होती. आमची अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी असते. आसपासच्या खेड्यांतली, स्पर्धा परीक्षांना बसणारी मुले तेथे वाचीत असतात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आणि यंत्र चक्क घरघरत होते! मी तबकडी पाहिली. ती दुपारचे चार दाखवीत होती.

उलगडा सोपा होता. वीज गेली की हे घड्याळही थांबते, आणि वीज आली की जेथे थांबले तेथूनच पुढे चालू लागते. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज रोज थोडीफार जाते. त्यात वळवाची वादळे झाली. महिनाभरात घड्याळ पाच तास मागे पडले होते. सकाळी तक्रार करायला सुटीत कोणी नव्हते.

इतक्यात चौकीदारकाका पुढे आले. "सर, लय बरं केलं तुमी. आधी रातीले पोराइले गरम पानी प्या लागे. आता पंधरा-वीस दिस झाले, थंडं पानी भेटते."

पारा ४५ वर जाणाऱ्या गावात गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्री कसे असते, हे मी जाणतो. ते पाणी ही मुले आणि हा म्हातारा मी नेमलेल्या वेळापत्रकानुसार पीत आले होते. पूर्वी या जिन्याखाली एक रांजण होता. पाझरलेले एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना ५८० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता घेऊन जाते, एवढ्यावर तो चालत असे. त्याला दात नव्हते. कूलर आला तेव्हा तो काढला गेला, आणि कूलरला दात बसवले ते मी.

आभार गिळून चष्मा घेऊन निघून जाणे शक्य होते. दोन पावले गेलोही. मग परत फिरलो आणि म्हणालो, "काका, हे मी केलेलं नाही. घड्याळ बिघडलंय."

काकांनी क्षणभर विचार केला. "मंग सर, ते घड्याळ दुरुस्त नोका करू."

दुसऱ्या दिवशी मी ते दुरुस्त केले. पण आधी रात्री नऊपर्यंतचे आणखी अठरा दात दाबले. बटण १५ अंशांवर आणवले. सकाळचे ३० अंशांचे पाणी १० वर आणायला दीडशे लिटरमागे ३००० किलोकॅलरी काढाव्या लागतात, १५ वर आणायला २२५०. चौथा हिस्सा तेथे वाचतो. तरीही बिल थोडे चढलेच. प्राचार्यांनी कारण विचारले, तेव्हा मी म्हटले, "अहवालातलं एक वाक्य चुकलं होतं, ते खरं करून घेतलं."

वीज आली की तबकडी पुढे सरकवून वेळ जुळवण्याचे काम आता चौकीदारकाकांकडे आहे. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून ते ती जुळवतात. पाचदहा मिनिटे ते नेहमी मागेच ठेवतात. मी ते पाहिले आहे. अहवालात लिहिलेले नाही.