सोळाव्या होलची वाळू

मी गोल्फ शिकलो तो वाळूवर. आखातातील नोकरीच्या काळात आम्ही ज्या मैदानावर खेळत असू तिथे गवताची काडीही उगवत नसे. होलभोवतीची जागा तेल मिसळलेली वाळू दाबून सपाट केलेली असे. इतरत्र तिला ‘ग्रीन’ म्हणतात, आम्ही ‘ब्राउन’ म्हणत असू. प्रत्येकजण कृत्रिम हिरवळीचा एक तुकडा बरोबर बाळगी आणि चेंडू त्यावर ठेवून टोला मारी. म्हणूनच कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मुलाने मला ला किंटा येथील पीजीए वेस्टच्या स्टेडियम कोर्सवर न्यायचे ठरवले, तेव्हा ‘वाळूची मला कसली भीती?’ असे मी जरा ऐटीतच म्हणालो होतो.

कोचेला खोरे हे खरेखुरे वाळवंट आहे. वर्षाकाठी पाच इंचही पाऊस पडत नाही. पाठीशी सान्ता रोझाचे उघडेबोडके डोंगर, आणि पायांखाली मात्र वसईच्या श्रावणाने हेवा करावा अशी हिरवळ. कालव्याने आणलेले कोलोरॅडो नदीचे पाणी आणि भूगर्भातील साठा यांवर हे खोरे हिरवे राहते. त्या नदीच्या पाण्यावरून सात राज्यांत किती ओढाताण चालते हे वाचून होतो, त्यामुळे पहिला तासभर मन अवघडलेलेच होते. पुढे खेळाच्या नादात ते विसरलो, हेही कबूल केले पाहिजे.

पीट डाय या रचनाकाराने हे मैदान 1986 साली उभारले, ते जणू खेळाडूंशी वैर धरूनच. 1987 मध्ये येथे स्पर्धा झाली आणि नामांकित व्यावसायिक खेळाडूंनी पुन्हा इथे खेळायला लावू नका म्हणून तक्रार केली. ती स्पर्धा या मैदानावर परतायला 2016 साल उजाडले. सोळाव्या होलला भूकंपाच्या ‘सॅन अँड्रियास’ भेगेचे नाव दिले आहे. ग्रीनच्या डाव्या कुशीला सुमारे 20 फूट खोल बंकर आहे. अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती टिप ओनील 1987 साली त्यात अडकले आणि फटक्यामागून फटके मारूनही त्यांचा चेंडू बाहेर येईना, हे दूरदर्शनवर साऱ्या देशाने पाहिले. मुलाने हा किस्सा मला आदल्या रात्रीच सांगितला होता. आम्ही पुष्कळ हसलो होतो.

माझा चौथा टोला नेमका त्याच बंकरमध्ये गेला.

आत उतरल्यावर वरचे काही दिसेनासे झाले. मुलगा, झेंडा, डोंगर, सारेच नाहीसे. समोर गवताची उभी भिंत आणि वर आभाळाचा तुकडा. पहिला फटका भिंतीवर आदळून चेंडू पायाशी परत आला. दुसरा तसाच. चौथ्यानंतर वरून आवाज आला, “पप्पा, दोन फटक्यांचा दंड घेतला तर चेंडू बंकरबाहेर ठेवता येतो. आता तसा नियम आहे.” मी म्हणालो, “राहू दे.” वाळू मला नवी नव्हती ना! सहाव्या फटक्यानंतर माझे हात थरथरू लागले. कुणी पाहत नव्हते. मी चेंडू उचलला आणि सरळ हाताने वर फेकला.

वर आलो. दोन हलक्या टोल्यांत चेंडू होलमध्ये घातला. “किती, पप्पा?” मुलाने विचारले. फेकण्याचाही एक फटका धरून मी म्हणालो, “तेरा.” पाचांत संपवायच्या होलला तेरा! खोटे बोलूनही हाती काय लागले, तर एवढी नामुष्की. त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली.

सतराव्याला अल्काट्राझ हे त्या बेटावरील जुन्या तुरुंगाचे नाव आहे. खडकांनी वेढलेले ग्रीन पाण्याच्या मधोमध. 1987 साली ली ट्रेव्हिनोने येथे एकाच टोल्यात चेंडू होलमध्ये घातला होता. आम्ही पुढच्या, जवळच्या जागेवरून खेळलो. मुलाचा चेंडू पाण्यात पडला. माझा मात्र अलगद बेटावर उतरला. आयुष्यातील माझा हा सर्वांत सुंदर टोला असावा. मुलाने टाळ्या वाजवल्या, मिठी मारली, आणि मला त्याच्याकडे पाहवेना. बेटाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर मी थांबलो.

“मघाचा चेंडू मी हाताने फेकला.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “चेंडू वर आला, पण वाळू उडाली नाही.”

त्याने खिशातून गुणपत्रिका काढून दाखवली. सोळाव्याचा रकाना कोराच होता. पेन्सिल त्याने माझ्या हातात दिली. कडेला उभे राहून मी त्या रकान्यात फुली मारली.

अठराव्याच्या डाव्या अंगाला शेवटपर्यंत पाणी आहे. तिथे माझे दोन चेंडू बुडाले.