सहीसाठी नव्हे, भेटीसाठी

अमेरिकेत घराएवढी मोटार मिळते. तिच्यात निजायला पलंग असतो, चूल असते, नळ आणि संडासही असतो. म्हातारे आईबाप आणि त्यांची मिळवती मुले अशी गाडी घेऊन निघतात आणि कधी भावाकडे, कधी मुलीकडे, कधी जुन्या शेजाऱ्यांकडे थांबत महिनाभर फिरतात. आपल्याकडे चाकांवरचे बिऱ्हाड दिसते ते ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. भांडीकुंडी, शेळी, लेकरे आणि म्हातारी एकाच ट्रॉलीत बसलेली असतात. पण तो प्रवास पोटाचा असतो, भेटीचा नसतो.

आईला घेऊन फिरणारी माणसे आपल्या देशातही आहेत. म्हैसूरचे डी. कृष्णकुमार यांनी नोकरी सोडली आणि २०१८ मध्ये वडिलांच्या आठवणीतल्या जुन्या बजाज चेतक स्कूटरवर आईला बसवून ते देश दाखवायला निघाले. जन्मभर स्वयंपाकघरात राहिलेल्या त्या माउलीने जवळपासची ठिकाणेही पाहिली नव्हती. वर्तमानपत्रांतून त्यांचे पुष्कळ कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र नोकरी सोडून निघणे तुम्हा-आम्हाला जमणारे नाही. आमच्या हाती सहा दिवसांची अर्जित रजा, एसटीची गाडी आणि वाशीम जिल्हा एवढेच होते. तेवढ्यात काय झाले, ते वाचकांना सांगावेसे वाटते.

आम्ही वाशीमला एका कचेरीत कारकून आहोत. आमच्या मातोश्रींचे वय सत्त्याहत्तर. त्यांना दोन बहिणी. थोरली मानोरा तालुक्यात दिली, तिला आता एक्क्याऐंशी पूर्ण झाली. धाकटी कारंज्याला असते. एक भाऊ होता, तो २०२१ साली गेला. माहेर मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. तिथे अडीच एकर कोरडवाहू शेत आहे आणि सातबाऱ्यावर मामाच्या कुटुंबाबरोबर तिन्ही बहिणींची नावे आहेत.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या मामेभावाचा फोन आला. शेतावर पीककर्ज काढायचे होते आणि त्यात या नावांची अडचण येत होती. तिन्ही आत्यांनी हक्कसोड पत्रावर सह्या द्याव्यात, मालेगावला यावे, जाण्यायेण्याचा खर्च तो देईल, असे त्याचे म्हणणे. आईने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "सहीले बोलावलं. जेवाले काऊन नाई बोलावलं?" आम्ही गप्प राहिलो. मामाच्या मयतीनंतर या घरातले कोणी त्या घरात मुक्कामाला गेले नव्हते, आणि ते लोकही आमच्याकडे आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आईने ठरवून टाकले. आधी दोन्ही बहिणींना भेटायचे, तिघींचे एकमत करायचे आणि मगच माहेरी जायचे. फोनवर हे बोलणे करायचे नाही, कारण थोरल्या मावशीला ऐकू कमी येते आणि फोन नेहमी दुसऱ्याच्याच हातात असतो. असा आमचा मार्ग ठरला. वाशीमहून मंगरूळपीर, तिथून मानोरा, मग कारंजा, शेलूबाजार, मालेगाव आणि परत वाशीम. जिल्ह्याच्या सहापैकी पाच तालुके या वाटेत येतात. फक्त रिसोड तेवढे राहते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. पिशवीत आईच्या गोळ्या, गुडघ्याचे तेल, थोरल्या मावशीसाठी नऊवारी लुगडे आणि आधार कार्ड. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तर वर्षांपुढच्या माणसाला एसटीचा प्रवास मोफत आहे. पासष्ट ते पंच्याहत्तरपर्यंत अर्धे तिकीट लागते. १७ मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. कंडक्टरने आईच्या हाती शून्य रुपयांचे तिकीट दिले, तेव्हा तिने ते दोनदा उलटून पाहिले आणि कनवटीला लावले. आमचे तिकीट मात्र पूर्ण होते, आणि जानेवारीतच भाडेवाढ झालेली होती.

वाशीम हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. जिल्हा नवा असला तरी गाव फार जुने आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी इथेच होती, तेव्हा या गावाचे नाव वत्सगुल्म होते. त्या शाखेचा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्खुसंघाला दान दिले. तसा शिलालेखच त्या लेण्यात आहे. अजिंठ्याची सहल काढणाऱ्या आपल्या मंडळांनी वाशीमच्या बसस्थानकावर उतरताना एवढे तरी ध्यानात ठेवावे.

मंगरूळपीरला गाडी बदलून मानोऱ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. वाटेत पळस फुलायला लागला होता, हरभरा काढणीला आला होता. मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ. संत सेवालाल महाराजांची समाधी असलेले पोहरादेवी याच तालुक्यात आहे आणि तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा समाजाचे मोठे संग्रहालयही सुरू झाले. मावशीच्या गावची एसटी सकाळ-संध्याकाळच असल्यामुळे आम्ही ऑटो धरला. त्यात तांड्यावरच्या दोन म्हाताऱ्या होत्या. त्यांनी आईला विचारले, कोणाकडे? आई म्हणाली, बहिणीकडे. त्यातली एक म्हणाली, आमची बहीण पुण्याकडे कामाला गेली, चार वर्षे झाली, तोंड पाहिले नाही. मग उतरेपर्यंत कोणी बोलले नाही.

थोरली मावशी ओट्यावर बसली होती. आई पुढे जाऊन उभी राहिली. मावशीने निरखून पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, "आली वं माय? मले वाटलं, आता मले उचलालेच येशीन!" दोघी हसल्या आणि लगेच रडल्याही. नातसुनेने पाणी आणले, जय भीम केला. रात्री पातोडीचा रस्सा आणि भाकर झाली.

जमिनीची गोष्ट जेवणानंतर निघाली. मावशीला ऐकू येत नसल्याने आई ओरडून बोलत होती आणि मावशी त्याहून मोठ्याने उत्तर देत होती. त्यामुळे आमचा सातबारा त्या रात्री साऱ्या वस्तीने ऐकला. सकाळी शेजारच्या बाई येऊन सल्लाही देऊन गेल्या. मावशीचे म्हणणे थोडक्यात असे होते. जमीन नको, पोराने कसावी, खावी. पण नाव काढले म्हणजे त्या गावात आपण जन्मलो याचा कागदच उरणार नाही. आणि माहेरचे कोणी आपल्याला न्यायला आले नाही, त्याला सात वर्षे झाली.

दोन रात्री राहून आम्ही कारंज्याला गेलो. कारंजा हे व्यापाराचे गाव. १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित बाजार इथेच सुरू झाला, तो कापसाचा. आमच्या काकांची, म्हणजे धाकट्या मावशीच्या यजमानांची, उमर बाजारात पोती वाहण्यात गेली. आता पाठ वाकली, मुलगा तिथेच तोलाईच्या कामाला आहे. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी आता बंद आहे. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत असे. आई आणि मावशी तिच्याबद्दल तासभर बोलत बसल्या. गाडी इतकी सावकाश जायची की वाटेत बोरे वेचून घेता यायची, असे मावशी शपथेवर सांगत होती. आईने ते मान्य केले नाही.

धाकटी मावशी हिशेबाला पक्की. तिने सरळ विचारले, "दादा, कायदा काय म्हणते ते सांग." आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, वकील नव्हे, पण कचेरीत इतकी वर्षे कागद हाताळल्याने जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर मुलगी मुलाइतकीच वारस. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मापासून हक्क मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते आणि एकदा नोंदवले की ते मागे घेणे सोपे नसते. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्याच एका भागातून हा वारसा कायदा पुढे आला. मावशी म्हणाली, मग त्यांनी मिळवून दिलेले आपण अंगठ्याने पुसायचे कशाला? पण पोराचे कर्जही अडायला नको. यावर तोड काय?

तोड आम्हाला ठाऊक होती. कर्जासाठी नाव काढावेच लागते असे नाही. सहहिस्सेदारांचे संमतीपत्र पुष्कळ ठिकाणी चालते. आम्ही कारंज्याहूनच मामेभावाला फोन करून बँकेत एवढे विचारून ठेवायला सांगितले.

चौथ्या दिवशी कारंज्याहून शेलूबाजारमार्गे मालेगावला निघालो. ही जुनी नागपूर-औरंगाबाद द्रुतगती वाट. आता तिच्या आसपासूनच समृद्धी महामार्ग जातो. जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तीन तालुक्यांतून तो गेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तो नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ पासून मुंबईच्या बाजूला ठाणे जिल्ह्यापर्यंत पूर्ण खुला झाला. खिडकीतून तो उंच रस्ता पाहून आईने विचारले, हा कुठे जाते? आम्ही म्हणालो, मुंबईले. "अन् आपल्या गावाले?" आपल्या गावाला शेलूबाजारवरून, मालेगाववरून आणि पुढे काळीपिवळीने जावे लागते, हे तिला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. शेलूबाजारच्या चौकात पाऊण तास गाडीची वाट पाहिली. मोठ्या रस्त्यावरून तेवढ्या वेळात माणूस जिल्हा ओलांडून गेला असता.

माहेरी मामी दारातच उभ्या होत्या. "बाई, आल्या का?" एवढेच म्हणून त्यांनी आईचे पाय धुवायला पाणी आणले. मामेभाऊ कागद काढायला गेला तशी आई म्हणाली, आज नाही, उद्या. त्या संध्याकाळी ती शेताच्या बांधावर जाऊन आली, विहीर पाहिली, बापाने लावलेले आंब्याचे झाड पाहिले. जेवताना मामींनी तिच्या ताटात पहिली भाकर वाढली.

दुसऱ्या दिवशी बोलणे झाले. आईने तिघींच्या वतीने सांगितले. कर्जासाठी संमती देऊ, पाहिजे तेवढ्या वेळा देऊ. पिकात वाटा मागणार नाही, शेत विकायला काढणार नाही. नावे मात्र राहतील. मामेभावाचा चेहरा पडला. तो म्हणाला, आत्याबाई, उद्या तुमच्या पोरांनी हिस्सा मागितला तर? प्रश्न रास्त होता, आणि तो आमच्याकडे पाहून विचारला गेला होता. आम्ही सांगितले की याचे उत्तर कागदात नाही. तुझे-आमचे येणेजाणे राहिले तर ही वेळ येणार नाही. येणेजाणे तुटले तर हक्कसोड करूनही भांडणाला दुसरे निमित्त सापडेल. त्याला हे पूर्ण पटले असे म्हणता येत नाही. पण बँकेत संमतीपत्र चालेल असे त्याला कळले होते, तेव्हा त्याने मान हलवली. मग आईने एक अट घातली. वैशाखात मोठ्या बाईला माहेरी आणायचे, आणि आणायला तूच जायचे.

१२ मे २०२५ ला बुद्ध पौर्णिमा होती. मामेभावाने जीप करून थोरल्या मावशीला मानोऱ्याकडून आणि धाकटीला कारंज्याहून आणले. आम्ही आईला घेऊन गेलो. तिघी बहिणी आठ दिवस त्या घरात होत्या. आवाज अर्थातच साऱ्या वस्तीला जात होता.

आपल्यातली पुष्कळ मंडळी नोकरीधंद्याने शहरात आली. गावाकडची भेट आता लग्नाला, मयतीला, नाहीतर सहीला होते. लग्नात बोलायला सवड नसते, मयतीला बोलायचे तेच माणूस गेलेले असते, आणि सहीच्या वेळी जो तो सावध असतो. कारणावाचूनची भेट तेवढी राहून जाते, आणि नाते तर तिच्यावरच टिकते.

म्हणून एवढेच सुचवतो. तूर घरात आली आणि ऊन चढायच्या आत, फेब्रुवारीत आईबापांना घेऊन निघावे. आधार कार्ड जवळ ठेवावे. खेड्यावरच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्यावी. एका घरी दोन रात्री तरी राहावे, कारण म्हातारी माणसे पहिल्या रात्री कामाचे काही बोलत नाहीत. कोणी कागद पुढे केला तर तो घरी आणून वाचावा. आणि मोठ्या मावशीसाठी लुगडे न्यायला विसरू नये. आमच्या मावशीने ते पौर्णिमेला नेसले होते.