लॉक-इन किती महिन्यांचा?

२७ जुलै २०२५, रविवार

टीसीएस या आर्थिक वर्षात जगभरातली आपली २ टक्के माणसं कमी करणार, ही बातमी दुपारपासून मोबाइलवर फिरतेय. २ टक्के ऐकायला काहीच नाही, पण ते बारा हजारांवर जातात. आणि मुख्यतः मधल्या-वरच्या फळीतले. मी त्या कंपनीत नाही, पण त्याच फळीत आहे. पुण्याजवळ वाकडच्या आमच्या इमारतीत दर दुसऱ्या दारामागे कुणीतरी हिंजवडीच्या आयटी कंपनीत जाणारं. आज लिफ्टमध्ये कुणीच विषय काढला नाही, यावरूनच काय ते समजलं.

संध्याकाळी घरमालक काकांचा मेसेज : "ताई, ३१ ऑगस्टला अ‍ॅग्रीमेंट संपतंय. या खेपेला तीन वर्षांचं करू म्हणतो. भाडं २८, दर वर्षी ५ टक्के वाढ. एक वर्ष लॉक-इन. कळवा."

सध्या २७ हजार देतो. वाकडच्या मानाने २८ म्हणजे काका सरळच वागतायत. फक्त लॉक-इन म्हणजे ते वर्षभर घर सोडता येणार नाही. एरवी मी तिथल्या तिथे "चालेल काका" लिहून मोकळी झाले असते.

२९ जुलै, मंगळवार

माझं प्रोजेक्ट जूनअखेर संपलं. तेव्हापासून बेंचवर आहे. रोज ऑफिसला जायचं, कार्ड दाखवून आत शिरायचं, ऑनलाइन कोर्स उघडायचा आणि दुसऱ्या प्रोजेक्टच्या मॅनेजरांना "काही रिक्वायरमेंट आहे का" विचारत बसायचं. आमच्याकडे बेंचवर साठ दिवसांपेक्षा जास्त राहिलं की एचआरचं बोलावणं येतं. माझे साठ दिवस भरतात ते नेमके ऑगस्टअखेर.

दुपारी नेमणूकपत्र काढून वाचलं. नव्वद दिवसांची नोटीस, दोन्ही बाजूंनी. कंपनीला हवं तर नोटिशीऐवजी तेवढा पगार. म्हणजे अगदी वाईटातलं वाईट झालं तरी तीन महिन्यांचे पैसे हातात. त्यापुढचं कुणी लिहून दिलेलं नाही. कामगार कायद्यात कपातीसाठी प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई आहे, पण ती 'कामगारा'ला. माझ्या हुद्द्यात 'लीड' आहे; त्यामुळे मी कामगार की नाही, इथूनच वाद सुरू होणार. तो वाद जिंकेपर्यंत भाडं कोण भरणार?

२ ऑगस्ट, शनिवार

स्वस्तातलं घर बघू म्हणून एजंटाबरोबर पुनावळे आणि रावेत केलं. पुनावळ्यात २२ हजारांत दोन बेडरूम. बाल्कनीतून समोर क्रेन, खाली टँकरची रांग. मी पाण्याचं विचारलं तर एजंट म्हणाला, "मॅडम, पाण्याचा प्रॉब्लेम कुठे नाहीये सांगा." रावेतचं घर खरंच चांगलं होतं, हवेशीर, २३ हजार.

मग हिशेब मांडला. एजंटाला एक महिन्याचं भाडं. सामान हलवायचे पंधरा-सोळा हजार. नवीन सोसायटीचा शिफ्टिंग चार्ज वेगळा. लेकीच्या शाळेची बस रावेतपर्यंत येत नाही, म्हणजे व्हॅन. जुन्या घरच्या डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जाणार ते निराळेच. दरमहा पाच हजार वाचवायला सुरुवातीलाच पन्नासच्या आसपास घालायचे. ते भरून निघायला दहा महिने. आणि तेवढ्यात मला हैदराबादला किंवा आणखी कुठे नोकरी लागली, तर सगळंच पाण्यात.

नवरा म्हणाला, "स्वस्त घर हे वर्षभर राहिलं तरच स्वस्त." बरोबर आहे त्याचं. पुनावळे, रावेत, दोन्हींवर काट मारली.

५ ऑगस्ट, मंगळवार

रात्री जेवणं आवरल्यावर वही घेऊन बसलो. टळत नाहीत असे खर्च वेगळे लिहिले : भाडं, शाळा, किराणा, वीज-गॅस, सासूबाईंची औषधं, नवऱ्याच्या वर्कशॉपमधल्या मशीनचा हप्ता. ७४ हजार. बाहेरचं जेवण, दिवाळी, कराडला माहेरच्या फेऱ्या यात धरल्याच नाहीत.

ह्याचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. कामं आहेत, पण बिलाचे पैसे ४५ दिवसांत यायचे ते नव्वद दिवसांनी येतात आणि मोठ्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवायची सोय नसते. त्यामुळे घर माझ्या पगारावर आणि ह्याची कमाई वरखर्चाला, असं इतकी वर्षं चाललंय. मोडता येईल अशी एफडी साडेचार लाखांची. पीएफला आणि लेकीच्या नावच्या पैशांना हात लावायचा नाही, हे न बोलताच ठरलं.

७४ हजारांनी साडेचार लाखांना भागलं तर सहा महिने. त्याआधी नोटिशीचे तीन. एकूण नऊ. लॉक-इन मात्र बारा महिन्यांचा. तिथे आम्ही दोघंही गप्प झालो.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीला दादा आला. नेहमीचा धोशा : भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा फ्लॅट घेऊन टाका, ईएमआय काय, भाड्याहून थोडाच जास्त. मी म्हटलं, "दादा, नोकरी गेली तर भाड्याचं घर सोडता तरी येतं. हप्ता सोडता येतो का?" वहिनीने माझी बाजू घेतली, हे विशेष.

आईचं वेगळंच : "काही दिवस कराडला राहा सगळे." कराडहून भोसरीला रोज कोण जाणार, हे तिला कुणी विचारलं नाही. पुरणपोळी चांगली झाली होती.

१२ ऑगस्ट, मंगळवार

जुनं अ‍ॅग्रीमेंट पहिल्यांदाच शब्द न् शब्द वाचलं. सही करताना आपण फक्त नाव, भाडं आणि तारीख बघतो. खरी गंमत नवव्या-दहाव्या कलमात असते.

एक : आपण घर भाड्याने घेतो म्हणतो, पण कागदावर आपण भाडेकरू नसतोच. कागद 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४ : मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर दुप्पट दराने नुकसानभरपाई. म्हणजे ३१ ऑगस्टनंतर "बघू, ठरवू" म्हणत बसायची सोय नाही. काका कितीही भले असले तरी.

दोन : अकरा महिन्यांचंच अ‍ॅग्रीमेंट का? तर १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट. पण महाराष्ट्रात कलम ५५ मुळे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. पळवाट बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, अकरा महिने तसेच राहिलेत.

तीन : लॉक-इन. एजंट सांगतो, "ती फॉर्मॅलिटी असते मॅडम." कलम वाचलं तर तसं दिसत नाही. मुदतीच्या आत घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचं. समजा डिसेंबरअखेर सोडावं लागलं, तर चार महिने झाले, आठ उरले. २८ हजारांनी २ लाख २४ हजार. आमच्या एफडीतले निम्मे पैसे रिकाम्या घराला. प्रत्यक्षात काका एवढे मागणार नाहीत, पण १ लाखाचं डिपॉझिट त्यांच्याच हातात असतं.

चार : तीन वर्षांचं केलं की "दर वर्षीचा खर्च वाचतो" म्हणतात. किती वाचतो ते काढलं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही मिळवायचं. पालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. तीन वर्षांचे होतात साधारण सदतीसशे. दर वर्षी वेगळं केलं तर तीन वेळचे साडेपाच हजारांच्या आसपास. एजंटाची फी सोडली तर तीन वर्षांत वाचतात जेमतेम दोनेक हजार. एवढ्यासाठी बारा महिने बांधून घ्यायचे?

म्हणजे प्रश्न २८ की ३० हा नाहीच. जितक्या महिन्यांचे पैसे नक्की, तितक्याच महिन्यांचा लॉक-इन. माझ्याकडे नक्की तीन महिने आहेत. एफडी आहे ती संकटासाठी. ती लॉक-इनला जामीन म्हणून लावायची नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

काकांना फोनवर सांगण्यापेक्षा भेटून बोलू म्हणून दोघं चिंचवडला गेलो. नोकरीचं सांगायचं की नाही, यावर गाडीत वाद. नवरा म्हणे, सांगू नकोस, घाबरून दुसरा भाडेकरू बघतील. मी म्हटलं, न सांगता तीन महिने मागितले तर कारण विचारणारच. शेवटी अर्धं सांगायचं ठरलं : प्रोजेक्ट बदलतंय, बदलीची शक्यता आहे. दोन्ही खरंच आहे.

काकूंनी श्रावणातला रविवार म्हणून आग्रहाने जेवायला थांबवलं. जेवताना काका मोकळे झाले. पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन महिना अडीच हजार. किमान पेन्शन २०१४ पासून १ हजारच आहे, त्या मानाने बरी, असं स्वतःच म्हणाले आणि हसले. निवृत्तीचे पैसे आणि गावची जमीन घालून वाकडचा फ्लॅट घेतला. आमचं भाडं हाच त्यांचा पगार.

मागचा भाडेकरू चौथ्या महिन्यात गेला. नंतर घर तीन महिने रिकामं, रंग आणि एजंट वेगळा. म्हणून लॉक-इन. "तुमच्यावर अविश्वास नाही हो ताई. पण महिना चुकला तर आमची औषधं चुकतात."

काका काहीतरी जास्तीचं मागतायत असं वाटत होतं ते तिथे गेलं. त्यांना बारा महिने नको होते, फक्त अचानक घर रिकामं व्हायला नको होतं. आणि मला तरी काय, शाळा सुरू असताना मालकाने घर मागायला नको, एवढंच. मग बोलणं सोपं झालं. अकरा महिने, भाडं २९. आमचा लॉक-इन तीन महिन्यांचा. पुढे एक महिन्याची नोटीस. नोटिशीच्या काळात येणाऱ्यांना घर दाखवायचं, काही कुरकूर करायची नाही. काकांनी मात्र पूर्ण मुदतीत घर मागायचं नाही, भाडं थकलं तरच. काकू म्हणाल्या, "हे कागदावर घ्या. हे विसरतात." कागदावर घ्यायचं ठरलं.

त्यांच्या २८ पेक्षा १ हजार जास्त, म्हणजे अकरा महिन्यांत ११ हजार. गाडीत नवरा म्हणाला, "महाग पडलं." मी म्हटलं, टर्म इन्शुरन्सचा हप्ताही परत मिळत नाही, तो भरतोस ना?

२३ ऑगस्ट, शनिवार

एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि ठशांचं यंत्र घेऊन घरी आला. मसुद्यात त्याने "लॉक-इन ११ महिने, दोन्ही पक्षांस" असं छापील कलम तसंच ठेवलं होतं. "हेच स्टँडर्ड असतं मॅडम." वाचून दाखवलं, बदलून घेतलं, मगच पुढे.

माझा आधार क्रमांक, अंगठा, फोटो : दोन मिनिटं. काकांचा अंगठा काही उमटेना. लेथवर चाळीस वर्षं घासून बोटांच्या रेषाच गेल्यात. ओल्या फडक्याने पुसला, काकूंनी पर्समधून क्रीम काढून लावलं, एजंटाने यंत्राची काच पुसली. अंगठा नाही, तर्जनी नाही. शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली. काका म्हणाले, "जिने कधी काम केलं नाही तीच उपयोगी पडली."

भाडेकरूची पोलिसांकडची ऑनलाइन नोंद एजंट करणार. शुल्क निम्मं-निम्मं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. सकाळी एचआरचं बोलावणं. एका बँकेच्या प्रोजेक्टवर डिसेंबरअखेरपर्यंत घेतलंय, "पुढचं नंतर बघू." मॅनेजर अभिनंदन म्हणाला. मी थँक्यू म्हटलं. डिसेंबर म्हणजे सुटका नाही, चार महिन्यांची सवड आहे.

ह्याने विचारलं, "मग २८ वालंच घ्यायला हवं होतं का?" नाही. बारा महिन्यांच्या लॉक-इनमध्ये मी डिसेंबरचा रोज विचार करत बसले असते. आता नोव्हेंबरअखेर लॉक-इन संपेल. तोवर प्रोजेक्टचं पुढचं कळलं नाही, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काकांशी बोलायचं आणि दर महिन्याला राहायचं की सोडायचं ते ठरवायचं. दोन्ही तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिल्या. वाचणारे पैसे वेगळ्या खात्यात, पाचशे का असेनात. मोदकाचं पीठ आणि नारळ आणायचेत, दूर्वा सकाळी.