अजून किती शिकायचं?

आमच्या घरात ‘कंपनी’ हा शब्द कायम एकवचनी होता. नगर-मनमाड रस्त्याला एमआयडीसी, तिला खेटून नागापूर, आणि नागापुरात दीड गुंठ्यावर अप्पा-काकांनी मिळून बांधलेल्या चार खोल्या. पाथर्डी तालुक्यातलं कोरडवाहू गाव सोडून दोघं भाऊ आयटीआय करून इकडे आले. अप्पा टर्नर, काका फिटर. भोंगा झाला की आज कोणाचा डबा आधी भरायचा ते कळायचं. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस कोणता, असं विचारलं तर अप्पा परमनंट झाल्याची तारीख सांगायचे. आई समोर बसलेली असली तरी.

अशा घरातली आम्ही तीन पोरं, काकांचा दादा, मग ताई, मग मी, एकामागून एक कॉम्प्युटरला गेलो. घराचा हिशोब सोपा होता: डिग्री मिळाली की कंपनी, आणि कंपनी मिळाली की परमनंट. डिग्रीनंतरही शिक्षण असतं ही बातमी आमच्याकडे फार उशिरा पोचली.

ती पहिल्यांदा दादाने आणली, तीही नाइलाजाने. तो २००१ साली बीई झाला. अमेरिकेतला डॉटकॉमचा फुगा नुकताच फुटला होता आणि त्याच्या कॉलेजात कोणी कॅम्पसला फिरकलंच नाही. वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून त्याने चाळीसेक अर्ज केले. मुलाखतीचं बोलावणं एकच आलं, आणि तेही मुलाखत होऊन गेल्यावर आठ दिवसांनी. पाकिटावर ‘नागापूर’च्या ऐवजी ‘नागपूर’ असं टाइप केलेलं. पिनकोड ४१४१११ बरोबर होता, पण पत्र आधी विदर्भ हिंडून आलं. ते पाकीट काकूने कित्येक वर्षं देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलं होतं. का, ते तिलाच ठाऊक.

मग दादा सकाळी सावेडीतल्या एका क्लासमध्ये टॅली शिकवायला लागला आणि रात्री अभ्यासाला बसला. फेब्रुवारीत पुण्याला जाऊन गेट दिली. निकाल लागला तेव्हा अप्पा सेकंड शिफ्ट करून नुकतेच आले होते, सेफ्टी शूजच्या नाड्या सोडत होते.

“गेट पास झालो, अप्पा.”

“बरं झालं. मग आत कधी घेणार?”

दादाने समजावलं, हे कंपनीचं गेट नाही, परीक्षा आहे, एम.टेक.ला प्रवेश मिळेल. आजी खाटेवरून म्हणाली, “मागल्या साली शिकून झालं म्हनला होतास ना? अजून किती शिकायचं?” पण एम.टेक. करताना दरमहा स्टायपेंड मिळतो हे कळल्यावर अप्पांचे नाडीवरचे हात थांबले. शिकायचे पैसे देतात? त्यांनी दोनदा विचारून घेतलं. त्यांच्या लेखी मग ती एक प्रकारची नोकरीच झाली, बिनभोंग्याची. दादा पवईला गेला. दोन वर्षांनी तो बाहेर पडला तेव्हा बाजार पुन्हा चढला होता.

ताईची गोष्ट उलटी. तिला मनापासून शिकायचं होतं. नगरला बीसीएस, मग प्रवेश परीक्षा देऊन पुणे विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सची एम.एस्सी. त्या विभागातले संगणक रात्रभर चालू असतात, पोरं तिथेच डुलक्या काढतात, असं ती सांगायची आणि आईच्या पोटात गोळा यायचा. २००५ मध्ये तिच्या हातात दोन कागद होते: हिंजवडीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आणि एका अमेरिकन विद्यापीठाचं प्रवेशपत्र. विद्यापीठाची मदत नव्हती, पैसे आपले आपण उभे करायचे.

काका पेपर वाचणारे. एच-वन-बी व्हिसाची मर्यादा १,९५,००० वरून ६५,००० वर आली आहे, पण तिथली मास्टर्स असेल तर आणखी वीस हजारांचा वेगळा कोटा आहे, हे त्यांनीच ताईला सांगितलं. म्हणाले, जायचं तर आत्ताच. आणि अप्पांना घेऊन बँकेत गेले.

बँकांची शैक्षणिक कर्जाची योजना तेव्हा चारेक वर्षांची होती: परदेशासाठी पंधरा लाखांपर्यंत, पण मोठ्या रकमेला तारण हवं. अप्पांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घराची कागदं काढली. स्टॅम्प पेपरवरची साठेखतं, सामाईक सातबारा. साहेबांनी चष्मा वर केला. “एन.ए. ऑर्डर कुठंय?” नव्हती. आमची अख्खी गल्लीच गुंठेवारीतली. त्या गुंठेवाऱ्या नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये झाला होता, पण कायदा होणं आणि आपला कागद हातात येणं यात किती वर्षं जातात ते ज्याने खेटे घातलेत त्यालाच विचारावं.

घरी येताना कोणी काही बोललं नाही म्हणे. रात्री ताईने ऑफर लेटरवर सही केली. अप्पांनी त्या लेटरचं लॅमिनेशन करून आणलं. आम्ही हसलो, पण ताई हसली नाही. ती आता मोठ्या हुद्द्यावर आहे, कोथरूडला घर आहे. घर घेताना तिने आधी काय मागितलं असेल, तर एन.ए. ऑर्डरची प्रत.

माझं फार सांगण्यासारखं नाही. मी अभ्यास केला तो भारनियमनात: आमच्याकडे अंधार, आणि कंपाउंडपलीकडे कंपनीचे दिवे लखलखीत. २००८ मध्ये ऑफर हातात घेऊन बसलो, सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली, आणि माझी जॉइनिंगची तारीख पुढे पुढे सरकत राहिली. शेजारणी विचारायच्या, “लागला का कामाला?” आई म्हणायची, “लागलाय, जायचाय फक्त.” शेवटी सीडॅकचा सहा महिन्यांचा डॅक केला. सीडॅकचं नाव घरात चाललं, कारण १९९१ चा ‘परम’ महासंगणक काकांच्या लक्षात होता. अमेरिकेने दिला नाही म्हणून आपल्या लोकांनी पुण्यात बनवला, हे ते पाहुण्यांना सांगायचे, जणू फिटिंग त्यांनीच केलं होतं.

अप्पांबद्दल एक राहिलं. “अजून किती शिकायचं” हे घरचं पालुपद, पण ते स्वतः चाळिशी उलटल्यावर पुन्हा शिकले होते. कंपनीत सीएनसी मशिनं आली, आणि हाताने लेथ चालवणाऱ्यांना सांगितलं गेलं, शिका नाहीतर स्टोअरला जा. माझ्या जुन्या शंभर पानी वहीत त्यांनी कोड उतरवून घेतले होते. जी-झीरो-झीरो: झपकन सरक. जी-झीरो-वन: सरळ रेषेत काप. एम-थर्टी: प्रोग्राम संपला. रात्री दादाकडून इंग्रजी शब्दांचा उच्चार घोटून घ्यायचे. घरात पहिला प्रोग्राम लिहिला तो अप्पांनी, हे आम्हा तीन कॉम्प्युटरवाल्यांच्या डोक्यात यायला वीस वर्षं लागली.

परवा दादाचा मुलगा विचारत होता, “काका, एम.टेक. करू का जॉइन होऊ?” त्याच्यासमोर दोन्ही दारं एकाच वेळी उघडी आहेत. असा प्रश्न आम्हाला कधी पडल्याचं मला आठवत नाही. आम्हाला जे दार उघडं सापडलं त्यातून आम्ही शिरलो, आणि तोच आपला निर्णय होता असं नंतर सांगत राहिलो. स्टायपेंड आता १२,४०० आहे. तो म्हणाला, एवढ्यात भागणार नाही. अप्पांना ऐकू कमी येतं, पण आकडा बरोबर ऐकू आला. “शिकायचे?” त्यांनी विचारलं.

पोरगं मोबाइलवर गेटचा फॉर्म भरत होतं. कायमचा पत्ता म्हणून आजोबांचं घर टाकत होतं, आणि मोबाइल दर वेळी ‘नागापूर’चं ‘नागपूर’ करत होता.

“नगरचं म्हणावं त्याला,” अप्पा खाटेवरून म्हणाले. “विदर्भातलं नव्हे.”