शेवाळे आणि भाकरी

गेल्या माघात आम्हांस घरगुती कामानिमित्त परभणीस जाण्याचा योग आला. आमचे थोरले बंधू नोकरीच्या निमित्ताने या गावी आले व निवृत्तीनंतर येथेच स्थायिक झाले. त्यामुळे परभणी आम्हांस आता परकी राहिलेली नाही. जालना, परतूर, सेलू ही स्थानके मागे टाकीत गाडी पुढे सरकू लागली, की दोहों बाजूंस काळीभोर जमीन आणि तीवर डोलणारी शाळूची कणसे दिसू लागतात. येथील माणसाचा पिंड ज्वारीवर पोसलेला आहे, हे त्या दर्शनानेच ध्यानात येते.

चहा झाल्यावर वहिनींनी फडताळातून एक बाटली काढून आमच्यापुढे ठेवली. आत गडद हिरव्या गोळ्या होत्या. "भावोजी, या शेवाळ्याच्या गोळ्या. गेले आठ महिने नेमाने घेते आहे," त्या म्हणाल्या. तळपायांस मुंग्या येतात, दोन जिने चढले की दम लागतो, ही त्यांची तक्रार. गोळ्या विकणाऱ्याने त्यांस सांगितले होते, की शाकाहारी कुटुंबांत ज्या ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव पडते, ते यात भरपूर आहे. डॉक्टरकडे खेपा घालण्याचे कारण नाही. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मांसाशन वर्ज्य. तेव्हा वहिनींस हा उपाय देवाने धाडल्यासारखा वाटला यात नवल नाही. खरे सांगावयाचे तर आम्हीही बाटली हाती घेऊन "उत्तम, चालू ठेवा" असेच म्हणालो.

घरात एकच व्यक्ती गप्प होती, ती आमची पुतणी. ती येथल्याच कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात शिकते. १९७२ साली स्थापन झालेल्या व २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाचा परभणीच्या लोकांस मोठा अभिमान आहे. ती एवढेच म्हणाली, "काका, हे शेवाळे वाढते कोठे ते एकदा आईला दाखवून आणू या. लोणार काही फार लांब नाही." वहिनींनाही दैत्यसूदनाचे देऊळ पाहावयाचे होते. बेत ठरला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. जिंतूरच्या वाटेवर एका ओळखीच्या शेतात थोडे थांबलो. हुरड्याचे दिवस सरत आले होते, तरी यजमानांनी आगटी पेटवून चार कणसे भाजलीच. शेतालगत एक तळे होते. गुरे धुण्याचे व कपड्यांचे पाणी त्यातच मुरे. काठाशी हिरव्या रंगाचा जाड तवंग साचला होता. तो पाहून वहिनी हसत म्हणाल्या, "हे पाहा, मी पैसे मोजून घेते ते येथे फुकट पडले आहे!"

पुतणीचा चेहरा मात्र गंभीर झाला. "आई, याला बोटही लावू नकोस," ती म्हणाली. संथ व सांडपाण्याने मातलेल्या पाण्यावर जो असा तवंग येतो, त्यात पुष्कळदा यकृतास घातक असे विष तयार करणाऱ्या जाती असतात, आणि ते विष पाणी उकळल्यानेही नाहीसे होत नाही. शेवाळे हा एक शब्द आपण शेकडो निरनिराळ्या जीवांस लावतो. त्यांतले कोणते खावे, कोठले घ्यावे व केव्हा घ्यावे, हे पिढ्यांच्या अनुभवानेच ठरते. मणिपुरात स्वच्छ, खळाळत्या ओढ्यांतील खडकांवर वाढणारे एक शेवाळे नुंगसाम या नावाने आवडीने खाल्ले जाते. लाओस देशात लुआंग प्रबांगचे लोक मेकाँग नदीतील शेवाळ्याचे पातळ पापड वाळवून त्यांवर तीळ पेरतात. परंतु हे दोन्ही वाहत्या, निर्मळ पाण्याचे अन्न होय.

चारठाण्याची जुनी देवळे वाटेत दिसली. मंठा मागे पडल्यावर परभणी जिल्हा केव्हाच सरला होता. दुपारी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारी पोहोचलो. काळ्या पाषाणावर उल्का आदळून झालेले सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विशाल विवर, तळाशी भोवतालच्या झाडीने वेढलेले सरोवर आणि काठावर बारमाही वाहणारी गोड्या पाण्याची धार! धारेचे पाणी ओंजळीत घेऊन प्यालो. त्याच पाण्याचा ओघ खाली उतरून सरोवरास मिळतो. पण सरोवराचे पाणी इतके क्षारयुक्त, की साबणासारखे बुळबुळीत लागते. येथील क्षारांचा व्यापार मोगलांच्या काळीही प्रसिद्ध होता.

सरोवराचा हिरवा रंग दाखवून पुतणी म्हणाली, "आई, तुझ्या बाटलीतले ते हेच. स्पिरुलिना म्हणतात याला." सूक्ष्मदर्शकाखाली ते मळसूत्रासारखे दिसते. इतक्या तीव्र क्षारात इतर बहुतेक जीव तग धरीत नाहीत, म्हणून तेथे याचे राज्य. २०२० च्या जून महिन्यात हेच सरोवर एकाएकी गुलाबी झाले होते, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून मिठात वाढणाऱ्या दुसऱ्याच सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचे सांगितले. अर्थात लोणारचे पाणी कोणी नेऊन खावयाचे नाही. ते अभयारण्य आहे. कारखान्यांत गोड्या पाण्याच्या हौदात खावयाचा सोडा व इतर क्षार मिसळून लोणारच्याच पाण्याची जणू नक्कल करतात, हौद सतत ढवळीत ठेवतात व वाढलेले शेवाळे कापडातून गाळून वाळवितात.

"हे एकादशीस चालेल का?" वहिनींचा प्रश्न. पुतणी म्हणाली, की शास्त्राच्या दृष्टीने हे धड वनस्पतीही नव्हे. दह्याचे विरजण लावणाऱ्या जंतूंच्याच जातकुळीचे, पण पानाप्रमाणे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे. "मग विरजण चालते तर हेही चालावे," असा निवाडा वहिनींनी स्वतःच दिला.

धारेच्या पायऱ्यांवर बसून मग खरा हिशेब निघाला. १०० ग्रॅम वाळल्या स्पिरुलिनात सुमारे ६० ग्रॅम प्रथिन व २८ मिलिग्रॅम लोह असते, हे खोटे नाही. या आकड्यांपुढे आपली कोणतीही डाळ फिकी पडेल. परंतु वहिनी दिवसास घेत अवघे तीन ग्रॅम. त्यात प्रथिन दोन ग्रॅमांहून कमी, म्हणजे दहा ग्रॅम हरभऱ्याइतके, आणि लोह एक मिलिग्रॅमही नाही. याउलट त्यांच्याच विद्यापीठाने हैदराबादनजीकच्या इक्रिसॅट संस्थेच्या साहाय्याने २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी प्रसृत केली. तिच्या एका किलोत सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह असते. साध्या ज्वारीत सुमारे ३०. म्हणजे शंभर ग्रॅम पिठाच्या भाकऱ्यांतून साडेचार मिलिग्रॅम लोह पानात पडते.

"आणि ब-१२?" आम्ही विचारले. पुतणीने आईचा हात हाती घेतला. या शेवाळ्यात ब-१२ सारखे दिसणारे जे द्रव्य आहे, त्याचा बहुतेक भाग मनुष्याच्या शरीरास उपयोगीच पडत नाही. कुलपात किल्ली शिरावी पण फिरू नये, तसा प्रकार. आणि ही उणीव लांबली तर मज्जातंतूंस कायमची इजा होऊ शकते. मुंग्या हे त्याचेच सूचक असावे. "तीन वेळा सांगितले मी," ती हळूच म्हणाली, "पण घरचे मूल काय सांगते, यापेक्षा बाटलीवरचा कागद मोठा वाटतो." आमची मान खाली गेली. तिच्या बोलण्यात रोष नव्हता, भीती होती.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनींचे रक्त तपासावयास दिले. ब-१२ फारच कमी निघाले. डॉक्टरांनी सुया सुरू केल्या. दोन महिन्यांनी बंधूंचे पत्र आले, की दम लागणे गेले, हातांच्या मुंग्याही थांबल्या. डाव्या पायाच्या बोटांत मात्र बधिरपणा उरला आहे, तो कितपत जाईल ते डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. ते आठ महिने आता परत मिळावयाचे नाहीत.

म्हणून शेवाळ्यास नावे ठेवावीत, असे आमचे मत नाही. आफ्रिकेतील चाड सरोवराकाठी कानेम प्रांताच्या बायका हेच शेवाळे गोळा करून वाळूवर वाळवितात. त्याच्या वड्यांस दिहे म्हणतात. त्या वड्यांचे कालवण करून बाजरीसारख्या धान्याबरोबर जेवतात. मेक्सिकोतील टेस्कोको सरोवराकाठीही पूर्वी असाच प्रघात होता. या लोकांनी शेवाळ्यास कालवणाची जागा दिली. औषधाची नव्हे, धान्याचीही नव्हे. उत्तम प्रतीचे, तपासलेले शेवाळे आपल्या घरीही चमचाभर चटणीत खुशाल घालावे. मात्र शाकाहारी घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी वर्षातून एकदा रक्तातील ब-१२ तपासून घ्यावे, व मुंग्या, थकवा, विसर ही वयाचीच लक्षणे असे समजून स्वस्थ बसू नये.

वहिनींच्या फडताळात ती बाटली अजून आहे. पुतणीच्या सांगण्यावरून त्यांनी उरलेल्या गोळ्या कुटून जवसाच्या चटणीत मिसळल्या व रिकाम्या बाटलीत ओवा भरला. निघण्याच्या दिवशी 'परभणी शक्ती'ची गरम भाकरी, ती हिरवट चटणी आणि दह्याची वाटी आमच्या पानात आली. शेवाळ्याचा वास जवसापुढे लपला होता. आम्ही दुसरी भाकरी मागून घेतली.