थंड इंजिनाचा वास

गेल्या हिवाळ्यात आमच्या टाटा ४०७ च्या केबिनमध्ये पहाटेच्या वेळी एक वास यायला लागला. काकवी तापताना कढईभोवती जसा जड, गोडसर वास दाटतो तसा. पण त्यात गरम लोखंडाची झाक असायची. मळ्यातून गाडी काढली की दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला तो सुरू व्हायचा, हायवेला लागल्यावर वाढायचा आणि आळेफाटा जवळ यायच्या आत पार नाहीसा व्हायचा.

आमचा मळा ओतूरजवळ. तिथून आळेफाटा विसेक किलोमीटर. थंडीत रात्रीच कांद्याच्या गोण्या भरून ठेवायच्या आणि उजाडायच्या आत बाजाराला निघायचं. मधल्या दिवसांत संध्याकाळी भाजीपाला घेऊन माळशेज घाट उतरायचा आणि मुरबाड-कल्याणवरून वाशी गाठायची, हा गाडीचा क्रम. गाडी १९९८ सालची. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घेतलेली. टाटांची ४०७ रस्त्यावर आली १९८६ साली, आणि आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांचा माल तेव्हापासून तिच्यावरून गेला. चार सिलिंडरचं, २९५६ सीसीचं साधं डिझेल इंजिन. बिघाड हाताला लागतो, डोळ्याला दिसतो. म्हणून दरवर्षी पासिंगला उभं राहावं लागत असलं तरी ती विकायचं मनात येत नाही.

आधी सगळ्यांना वाटलं, कुठेतरी माल सडलाय. सीट काढली, खालचं रबरी मॅटिंग काढलं, हौदा पाण्याने धुतला, ताडपत्री उन्हात टाकली. दुसऱ्या पहाटे वास पुन्हा हजर. मग मी घरातला कूलंटचा डबा उघडला आणि जरा लांबूनच त्याचा वास घेतला. तोच.

आप्पांच्या काळात रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी जायचं. आमचं पाणी जड, क्षाराचं. कालांतराने रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये पांढरा थर बसायचा आणि उन्हाळ्यात घाट चढताना गाडी तापायची. म्हणून गाडी माझ्या हातात आल्यावर मी जाळी साफ करून घेतली आणि बॅटरीचं पाणी व कूलंट निम्मं-निम्मं भरायला सुरुवात केली. कूलंटमधला मुख्य पदार्थ इथिलीन ग्लायकॉल. तो पाण्यात मिसळला की मिश्रण उकळायला जास्त तापमान लागतं, आणि सोबतची रसायनं आतला गंज थांबवतात. पण हे मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा झिरपायला चपळ. जी फट पाण्याला अडवते तिच्यातून कूलंट वाट काढतं. नुसतं पाणी असतं तर गळतीची वाफ बिनवासाची उडून गेली असती. कूलंटने निदान कळवलं तरी.

काळजी कशाची, तर तापमानाचा काटा अगदी जागेवर होता. आमच्याकडे बरेच ड्रायव्हर काट्यावर विसंबून असतात. पण तो काटा ज्या सेन्सरवर चालतो तो पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणीच निघून गेलं आणि सेन्सर कोरडा पडला तर इंजिन भाजत असताना काटा खाली राहू शकतो. आप्पांनी माळशेजच्या चढाला असं एकदा सोसलंय. होज फुटला, काटा गप्प, आणि हेड वाकलं. त्या वर्षी हंगामाची बरीचशी कमाई गॅरेजमध्ये गेली. त्यामुळे वासाचं सांगितल्यावर घरात कोणी “चालायचंच, जुनी गाडी आहे” असं म्हटलं नाही.

शोध सुरू केला तो रेडिएटरपासून. इंजिन गार असताना झाकण उघडून पातळीची खूण केली. आठवड्याने पाहिलं तर पाणी थोडंसं, पेलाभर, उतरलेलं. म्हणजे वास भासाचा नव्हता. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरला, सकाळी कोरडा. आतून पाणी जातंय आणि जमिनीवर थेंब नाही, याचे मला दोनच अर्थ माहीत होते. एकतर ते सिलिंडरमध्ये शिरून जळतंय, नाहीतर बाहेर पडल्या पडल्या गरम लोखंडावर वाफ होऊन उडतंय.

पहिला अर्थ खर्चाचा, म्हणून तो आधी तपासला. हेड गॅस्केट गेलं तर ऑइल दुधाळ होतं. डिपस्टिक स्वच्छ निघाली. गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर राहतो, तो नव्हता. गार इंजिन चालू करून रेडिएटरचं तोंड उघडं ठेवलं तर आत बुडबुडे येत राहतात, तेही नव्हते. तरीही एका गॅरेजमध्ये नुसता वास ऐकून “हेड उतरवावं लागेल” असं सांगितलं. मी गाडी परत आणली. कोणताही पुरावा नसताना इंजिन खोलणं हा तपास नव्हे, आणि इतकी वर्षं चांगलं बसलेलं हेड उगाच उचललं की नवीन दुखणी जोडली जातात.

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहिले. जवळपास सगळ्यांत एकच उत्तर, केबिनच्या हिटरची जाळी गळते. आमच्या गाडीला हिटरच नाही. बाजारातल्या एका जुन्या ड्रायव्हरने हळद टाकायला सांगितली. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून गळती बंद करायची रीत ट्रकवाल्यांमध्ये जुनी आहे, आणि रात्री-अपरात्री घाटात अडकलेल्या माणसाने ती वापरली तर मी दोष देणार नाही. पण गळती कुठे आहे हे माहीत नसताना ती टाकायची म्हणजे हळद फटीत बसायच्या आधी रेडिएटरच्या नळ्यांत बसणार. जो थर काढायला मी पैसे घातले तोच पुन्हा आणायचा. नको म्हटलं.

आळेफाट्यावरच्या दोन गॅरेजमध्ये गाडी दाखवली. माल उतरवला की तिथूनच जायचो. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी आधी त्यातून ठिबकतं. ते कोरडं. वरचा-खालचा होज हाताने दाबून पाहिला, ठीक. ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची गोल बुचं आरशाने पाहिली, ठीक. एका ठिकाणी तर रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावून दाब भरला. घड्याळाचा काटा हलला नाही. झाकणाचं रबर जुनं दिसलं म्हणून झाकण बदललं. दुसऱ्या पहाटे वास आलाच.

खरी खूण सापडली ती वाशीमुळे. मार्केटला रात्री माल उतरवून मी केबिनमध्ये चार-पाच तास झोपतो. गाडी तोवर गार होते. पण तिथून सकाळी निघताना वास कधीच यायचा नाही. तीच गाडी, तेच इंजिन, तितकीच विश्रांती. ओतूरला यायचा, वाशीत नाही. मी हे घरी बोललो तेव्हा आमची ही म्हणाली, “अहो, तिथं थंडी कुठं असते?” आमच्याकडे त्या दिवसांत पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो. वाशीत खाडीच्या हवेत अंगावर चादरही नको वाटते. मग आणखी एक गोष्ट जुळली. गाडी कुठल्याही गॅरेजमध्ये पोचायची ती वीस किलोमीटर पळून, कडक गरम होऊन. सगळ्यांनी गरम इंजिन तपासलं होतं. वास येत होता थंड इंजिनाचा.

नाकाचंही एक सांगायला हवं. केबिनमध्ये पाच-दहा मिनिटं बसलं की नाकाला तो वास कळेनासा होतो. मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. म्हणून वास नेमका कुठून येतो हे मला कळत नव्हतं. मग एका पहाटे मी बोनेट उघडून गाडी चालू केली आणि हिला घरातून ताज्या नाकाने बोलावलं. ती चाकाजवळ वाकली, रेडिएटरपुढे उभी राहिली, आणि इंजिनाच्या पुढच्या भागाच्या वर, पंख्यामागे हात करून म्हणाली, “हितं जास्त आहे.”

एवढं घेऊन मी चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे आप्पांच्या वेळचे मिस्त्री. आता गॅरेज मुलगा बघतो, ते खुर्चीवर बसून असतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. वास किती वाजता येतो, किती अंतराने जातो, पाणी किती उतरतं, वाशीत का येत नाही. मधे एकदाही बोनेट उघडलं नाही. शेवटी म्हणाले, “गाडी आज रात्रीला इथंच सोड. आप्पांना सांग, चाचा पहाटे बघतो म्हणून.”

पहाटे मी पोचलो तेव्हा ते कानटोपी घालून गाडीजवळ उभे होते. इंजिन चालू करू दिलं नाही. रेडिएटरचं तोंड उघडून हातपंप बसवला आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब भरला. त्याच प्रकारचा पंप, ज्याचा काटा मागे हलला नव्हता. या वेळी घड्याळाचा काटा आम्ही बघत असताना हळूहळू खाली आला. चाचांनी टॉर्च माझ्या हातात दिली आणि थर्मोस्टॅटच्या घराखाली बोटं सरकवली. तिथे वॉटर बॉडीला जोडणारा एक आखूड रबरी पाइप असतो, बायपासचा, वीतभरही नाही. समोरून दिसत नाही, पंख्याच्या बाजूनेही नाही. बोटं बाहेर आली ती ओली आणि चिकट. छोटा आरसा धरला तर क्लिपच्या मागच्या अंगाला हिरवट पांढरी खपली धरलेली.

त्यांनी मला जे समजावलं ते असं. हा पाइप किती वर्षांचा आहे कोणालाच माहीत नाही. उष्णतेने रबर कडक झालंय, त्यातली ओढ गेली. रात्री लोखंडाचं तोंड आकसतं, पण कडक रबर त्याच्यामागे आकसत नाही, आणि केसाएवढी फट पडते. रात्रभर पाझरलेलं कूलंट खाली ब्लॉकच्या कंगोऱ्यावर साचतं, म्हणून जमिनीवर थेंब पडत नाही. गाडी चालू झाली, ब्लॉक तापला, की साचलेलं उडतं आणि पंखा ती वाफ केबिनकडे ढकलतो. पेडलभोवतालची रबरं झिजलेली असल्याने ती आत येते. तोवर लोखंड फुगतं, रबर मऊ पडतं, फट बुजते. आळेफाट्याला पोचेपर्यंत सगळं कोरडं ठणठणीत.

मी विचारलं, क्लिप आवळून भागेल का? चाचांनी मान हलवली. कडक रबरावर क्लिप जास्त आवळली की ती रबर कापते, आणि मग पाइप पाझरत नाही, फुटतो. त्यांच्या मुलाने थर्मोस्टॅटचं घर उतरवलं, दोन्ही तोंडांवरचा गंज पॉलिश पेपरने काढला, नवा पाइप आणि दोन नव्या क्लिपा बसवल्या, घराखालचं गॅस्केटही बदललं. जुना पाइप वाकवला तर त्याच्या आतल्या अंगाला आडव्या भेगा उघडल्या. त्या उन्हाळ्यात घाटात तो फुटला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मग कूलंट भरून, झाकण उघडं ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवून आतली हवा काढली. क्लिपा गरम-गार झाल्यावर पुन्हा एकदा तपासल्या.

काढलेलं जुनं कूलंट मुलाने बादलीत धरलं होतं. चाचांनी ते आधी झाकायला लावलं. गॅरेजमागे कुत्री असतात. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. पोटात गेलं की शरीरात त्याचं ऑक्झॅलेट बनून मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्र्याला थोडंसंही पुरतं, लहान मुलाच्या जिवालाही धोका. आमच्या अंगणात गाडी उभी असते, तिथेच वासरू बांधलेलं असतं, पोरं खेळतात. तेव्हापासून कूलंटचा डबा मी कुलूपबंद खोलीत ठेवतो.

त्यानंतर थंडी संपेपर्यंत गाडी रोज पहाटे निघाली. वास आला नाही, रेडिएटरमधली खूण जागची हलली नाही. तुमच्या गाडीला असा वास येत असेल तर तो कधी येतो आणि कधी जातो हे आधी लिहून ठेवा, मिस्त्रीला ते सगळं सांगा, आणि वास थंडीतला असेल तर गाडी रात्रीच गॅरेजला नेऊन सोडा. सकाळी ती चालू करायच्या आत तपासू द्या. आणि काढलेलं कूलंट ओढ्यात, पाटात किंवा अंगणात उघडं सोडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, पोराबाळांच्या आणि जनावरांच्या तोंडापासून लांब ठेवा.