आमंत्रणपत्रिकेवरचा एक शब्द

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या सुलेखनाचं एकल प्रदर्शन भरवायचं ठरवलं आहे, हे घरात सांगितलं तेव्हा अब्बूंनी चहाचा कप खाली ठेवून एवढंच विचारलं, "बघायला कोण येणार, बेटा?"

प्रश्न रास्त होता. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, चित्रकलेची पदवी माझ्याकडे नाही, बी.एड. आहे. आणि प्रदर्शन भरवणार कुठे, तर घोरावाडीत! एक्सप्रेस गाड्या इथे थांबत नाहीत. पुणे-लोणावळा लोकलनं येणारे बहुतेक लोक तळेगावला उतरतात.

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. तिथे भिंत मिळवायची तर अर्ज करा, निवड होऊ द्या आणि मग काही वर्षं वाट बघा. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन आहे, पण तिथलं भाडं, टेम्पो, येणंजाणं हा हिशेब माझ्या पगारात बसवणं अवघड. शिवाय मला राहून राहून के. एच. आरा आठवत होते. मुंबईत मोटारी धुण्याचं काम केलेला हा माणूस. त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं ते काळा घोड्याजवळच्या चेतना या उपाहारगृहात, आणि चित्रं विकलीही गेली. आमच्या सोसायटीच्या हॉलला निदान चार सरळ भिंती आहेत.

आपल्याच रेल्वेमार्गावर, पाच स्टेशनं पुढे, मळवली आहे. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना गिरगावात सुरू झाला आणि १८९९ च्या सुमारास मळवलीला आला. लक्ष्मी-सरस्वतीची जी चित्रं घराघरांत भिंतीवर लागली, त्यांतली कितीतरी या मावळात छापली गेली. १९७२ च्या आगीत तो छापखाना गेला. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं की ती अविश्वासानं बघतात.

तारीख काढणं हे सगळ्यांत किचकट काम निघालं. पावसाळ्यात मावळात कागद असा सर्दतो की शाई पसरते, म्हणून जून ते सप्टेंबर बाद. ऑक्टोबरात दिवाळी आणि सहामाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो, आता तो फेब्रुवारीत पोचलाय. तोच परीक्षांचा महिना, आणि घोरावडेश्वराच्या डोंगरावर महाशिवरात्रीची गर्दीही त्याच सुमारास. उरला डिसेंबर. नाताळच्या सुट्टीत मुलं आईबापांना ओढून आणतील, हा माझा शिक्षकी हिशेब.

एकूण २८ कामं आहेत. त्यांत निम्मी उर्दू, निम्मी देवनागरी, आणि पाच-सहा अशी की दोन्ही लिप्या एकाच कागदावर समोरासमोर येतात. एक उजवीकडून चालत येते, दुसरी डावीकडून. फ्रेमवाल्यानं काचेचा भाव सांगितला तेव्हा मला पैसा फंडाची आठवण झाली. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना मांडली आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना उभा राहिला. मला एक-एक पैसा कोण देणार? म्हणून मोठ्या कामांना काच, लहानांना नुसता माउंट, असं ठरवलं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा म्हणजे मान वर-खाली करावी लागत नाही, हे आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी सांगितलं. किमती मात्र मी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. शेवटी कागद, फ्रेम आणि लागलेले दिवस धरून आकडा काढला, आणि ओळखीच्यांसाठी वेगळा भाव ठेवायचा नाही असं ठरवलं. खालाला हे आवडलेलं नाही.

मग आली आमंत्रणपत्रिका. मी मजकूर लिहिला होता : 'उर्दू आणि मराठी सुलेखनाचं प्रदर्शन'. छापायला देण्याआधी दोघा-तिघांना दाखवला. एका हितचिंतकांनी फार मायेनं सुचवलं, "मॅडम, नुसतं 'सुलेखन' लिहा ना. 'उर्दू' वाचून काही लोक येणारच नाहीत. आत आल्यावर बघतीलच की." दुसऱ्या बाजूनं एका नातेवाइकाचा निरोप आला, की उर्दूच्या शेजारी मराठी कशाला, आपल्या माणसांना ते परकं वाटेल.

दोन दिवस मी विचार करत होते. पहिला सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. हॉल रिकामा राहिला तर माझीच शोभा. पण पत्रिकेवर लपवलेली लिपी भिंतीवर अचानक समोर आली, तर बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटेल. आणि रोज सकाळी एका तासाला 'अलिफ' आणि पुढच्या तासाला 'अ' फळ्यावर लिहिणारी बाई, सुट्टीत त्यातलं एक अक्षर कपाटात का ठेवेल? शब्द तसाच ठेवला. उलट, पत्रिकेवर तो दोन्ही लिप्यांत, सारख्याच आकारात छापायला सांगितला.

अब्बूंचं प्रकरण जास्त नाजूक. ते मुंबईत एका उर्दू दैनिकात कातिब होते. सगळा अंक बोरूनं, नस्तालीकमध्ये, हातानं लिहायचा आणि मग त्यावरून छपाई. १९८१ मध्ये अहमद मिर्झा जमील यांनी 'नूरी नस्तालीक' संगणकावर आणली. ती भारतातल्या वर्तमानपत्रांत पोचली तसे कातिब एकेक करून घरी बसले. अब्बूही बसले. मी हात गिरवला तो त्यांच्याच मश्कच्या कागदांवर.

मी म्हटलं, "एक भिंत तुमची." ते म्हणाले, "प्रदर्शन एकट्याचं म्हणतेस ना? मग माझं काय काम? आणि कातिबाचं नाव कुठे छापतात का?" आयुष्यभर त्यांनी हजारो लोकांची नावं लिहिली, स्वतःचं एकदाही नाही. मी वाद घातला नाही. अम्मीनं मात्र ट्रंकेतून त्यांचे चार बोरू आणि पिवळे पडलेले अकरा कागद काढून माझ्या टेबलावर आणून ठेवले, काही न बोलता.

ते कागद विक्रीला नसतील. दारातून आत आल्यावर पहिले तेच दिसतील, नाव असेल की नाही ते अजून ठरायचं आहे. मराठी दैनिकांच्या स्थानिक प्रतिनिधींना आणि मुंबईच्या दोन उर्दू दैनिकांना बातमी आठवडाभर आधी जाईल, सोबत एकच पण नीट काढलेला फोटो. पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर पत्रिका आधीच फिरते आहे. एका आजींनी विचारलं, नातवाचं नाव तिथल्या तिथे लिहून द्याल का, उर्दूत? मी हो म्हटलं, आणि आता एक जादा टेबल-खुर्ची लागणार आहे.

काल संध्याकाळी अब्बू त्या बोरूंपैकी एकाला चाकूनं टोक काढत बसले होते. टेबल खिडकीजवळ ठेव म्हणाले, डाव्या बाजूनं उजेड आला पाहिजे.